एअरबॅगचा जोर घरी मोजावा का?

प्रश्न : माझा भाचा जळगावला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. त्याने भंगारातून एका अपघातग्रस्त कारचे स्टिअरिंग आणले असून त्यातील एअरबॅग अजून उडालेली नाही. सुटीत आमच्या मळ्यात ती दुरून उडवायची आणि वर ठेवलेली पाण्याची कळशी किती उंच जाते यावरून तिचा जोर काढायचा, असा त्याचा बेत आहे. पुरेसे अंतर ठेवल्यास हरकत आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : हरकत आहे, हा प्रयोग होऊ देऊ नका. एअरबॅगमध्ये हवा भरून ठेवलेली नसते. तिच्यामागे धातूच्या बंद डबीत घन रसायन असते, जुन्या गाड्यांत बहुधा विषारी सोडियम अझाइड. विजेचा संकेत मिळताच ते पेटते आणि सुमारे ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, साठेक लिटरची पिशवी वायूने भरते. ती इतक्या वेगाने बाहेर येते की चालकाने स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर ठेवावी, असे सांगितले जाते. तिच्यावर ठेवलेली कळशी कोणत्या दिशेने भिरकावली जाईल, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मला अधिक काळजी त्या डबीची वाटते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत गेले, त्यामुळे काही गाड्यांत डबीच फुटली आणि धातूचे तुकडे लागून माणसे दगावली. जगभरातून कोट्यवधी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भंगारातल्या स्टिअरिंगची कंपनी, वय आणि त्याने पत्र्याच्या शेडखाली काढलेले खान्देशातले उन्हाळे यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नसते.

शिवाय कळशीच्या उंचीवरून एअरबॅगचे खरे काम कळतही नाही, कारण तिचे काम डोके थांबण्याचे अंतर वाढवणे हे आहे. ते मात्र घरी उत्तम मोजता येते. दोघांनी सैल धरलेल्या चादरीवर दोन मीटरवरून अंडे सोडावे. ते ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने आदळते. चादर २५ सेंटिमीटर खाली गेली, तर अंड्याचा वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वत्वरणाच्या आठपट येतो. तेच अंडे फरशीवर पाच मिलिमीटरांत थांबले, तर चारशेपट. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून भाच्याला हे आकडे स्वतः पडताळता येतील.

ते स्टिअरिंग उघडू नये, त्याच्या तारांना हात लावू नये. मधला प्लास्टिकचा भाग वर राहील असे, मुलांपासून दूर ठेवावे आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून त्यांच्या सूचनेप्रमाणे सोपवावे.