शिळी वही वाचता येते का?

लघुलेखक म्हणजे स्टेनोग्राफर, साहेब सांगतील ते शॉर्टहँडच्या खुणांनी वहीत उतरवून मग टाइप करणारा. त्यांच्या सरकारी भरतीबद्दल मागे या पानावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते आहे. मी लघुटंकलेखक म्हणून नोकरीला लागले आणि ३३ वर्षांनी उच्चश्रेणी लघुलेखक म्हणून निवृत्त झाले. आता घरीच मुलामुलींना डिक्टेशन देते. सांगते आहे ते या अनुभवातलं.

प्रश्न : मॅडम, मराठी शॉर्टहँडची ८० ची (मिनिटाला ८० शब्दांची) शासकीय परीक्षा मी पास झाले आहे. निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० लागते म्हणून वर्षभर १०० चाच सराव करते आहे. क्लासमध्ये सरांनी दिलेलं डिक्टेशन जमतं. दुसऱ्या कोणी दिलं की तिसऱ्या मिनिटाला एखादा शब्द सुटतो आणि मग पुढचा सगळा पॅसेजच जातो. माझा हात १०० चा नाहीच का? घरचे म्हणतात, आता पुरे कर. (परभणी)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सगळं स्पीडचंच आहे, आणि ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे वहीतल्या खुणा वाचून टाइप करणं, त्याचं नावही नाही. डिक्टेशन ‘जमतं’ म्हणतेस ते कशावरून? वहीत उतरलं म्हणून, की टाइप करून, तपासून, चुका मोजून झाल्या म्हणून?

एक हिशेब कर. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या स्टेनोग्राफर परीक्षेत ग्रेड डी या खालच्या श्रेणीला ८० च्या वेगाने दहा मिनिटं डिक्टेशन असतं. म्हणजे शब्द झाले ८००. इंग्रजीत ते टाइप करायला मिळतात ५० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १६ शब्द. ग्रेड सी ला १००० शब्द आणि ४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २५. इंग्रजी टायपिंग ४० ची पास झालेल्या मुलांना एवढा वेळ कशाला देतात? तो वेळ टायपिंगचा नाहीच, तो स्वतःच्या खुणा वाचण्याचा आहे. तुझी परीक्षा राज्याची आणि मराठीची असली तरी काम तेच. माझ्याकडे येणारी मुलं अडतात ती इथेच. वही भरलेली असते, पण ती वाचता येत नाही.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. साहेबांनी एका रकमेच्या प्रस्तावाचं पत्र सांगितलं. घाईत मी ‘मंजुरी’तल्या न चा स्ट्रोक, म्हणजे त्याची रेघ, गाळला. शॉर्टहँडमध्ये घाईत स्वर लिहीत नाहीत. तासाभराने टाइप करायला बसले तर वहीत म-ज-र एवढंच दिसत होतं, आणि कामाचं पत्र म्हणून मी ‘मजुरी’ लिहून मोकळी झाले. ‘सदर रकमेस मजुरी देण्याबाबत.’ सही होऊन ते पत्र गेलं आणि तिकडून चौकशी आली. साहेब रागावले नाहीत. वही मागून घेतली आणि म्हणाले, वाचा. मला तीच चूक परत वाचता आली, दुरुस्त करता आली नाही. त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. आठवड्यापूर्वीच्या पानावरच्या कितीतरी खुणा मला ओळखू येत नव्हत्या. डिक्टेशन संपल्या संपल्या आपण वाचतो तेव्हा निम्मं कानातलं आठवून वाचत असतो, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे : शिळी वही वाच. आज घेतलेलं डिक्टेशन आजच टाइप कर, आणि आठ दिवसांपूर्वीचं पान उघडून मोठ्याने वाच. अडशील त्या खुणेभोवती गोल कर. महिनाभरात दिसेल की गोल त्याच त्या शब्दांभोवती पडताहेत. त्या शब्दांच्या आउटलाइन, म्हणजे शब्दाच्या पूर्ण खुणा, वहीच्या शेवटी पुन्हा पुन्हा गिरव. तुझा स्पीड अडला आहे तोही त्याच शब्दांपाशी अडला असणार, कारण जिथे हाताला खात्री नसते तिथे तो क्षणभर थबकतो, आणि त्या क्षणात बोलणारा चार शब्द पुढे गेलेला असतो.

आता तिसऱ्या मिनिटाचं. शब्द सुटला तर सुटू दे. जागा सोड, समासात फुली मार आणि आत्ता कानावर पडतोय तो शब्द धर. सुटलेल्या एका शब्दासाठी मागे वळलीस तर दहा जातात. मराठीत तर हे फार जपायला हवं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘सदर बाब विचारात घेऊन अनुदान वितरित करण्यात’ इथपर्यंत सगळं उतरलं, आणि पुढे ‘यावे’ होतं की ‘येऊ नये’ हेच राहिलं, तर उरलेल्या शब्दांना काही किंमत नाही. मधलं एखादं विशेषण गेलं तर अर्थावरून भरून काढता येतं, शेपूट गेलं तर नाही. म्हणून ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात यावी’, ‘करण्यात येऊ नये’, ‘या कार्यालयाच्या पत्रान्वये’, ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने’, ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी’ या फ्रेजेस (एका जोडखुणेत लिहायचे शब्दसमूह) झोपेतसुद्धा हातातून याव्यात इतक्या घोटून ठेव. सरकारी मराठीत त्या ओळीओळीला भेटतात, आणि तिथे वाचलेला वेळ अनोळखी शब्दाला मिळतो.

आणि आवाज. वर्षभर एकाच सरांचा आवाज ऐकलास तर तुझा कान त्यांच्या थांब्यांवर चालायला लागतो. माझे वडील रोज संध्याकाळी मला अग्रलेख वाचून दाखवायचे. ते दर २५ शब्दांना पेन्सिलने तिरकी रेघ मारत आणि मनगटी घड्याळात बघून एक तुकडा १५ सेकंदांत संपवत. हा झाला १०० चा वेग. २० शब्दांना रेघ मारली की ८० चा. त्यांना वाचायची सवय नव्हती, ते भलत्याच ठिकाणी थांबत, जोडाक्षरावर अडखळत आणि मग भरपाई म्हणून पुढचं भराभर वाचत. परीक्षेत असाच आवाज वाट्याला आला तेव्हा मला तो घरचा वाटला. तुझ्याकडे धाकटा भाऊ असेल, वहिनी असेल, शेजारची आठवीतली मुलगी असेल. त्यांच्या हातात रेघा मारलेला उतारा आणि मोबाइलचं घड्याळ दे.

वर्षभर फक्त १०० वर बसू नकोस. एकच उतारा आधी ८० ने घे, मग ९० ने, मग ११० ने घे आणि तुटू दे, आणि मग १०० ने घे. ११० नंतरचा १०० संथ वाटतो.

घरच्यांना सांग की हात ८० वरून १०० वर जाताना बहुतेकांचा असाच रेंगाळतो. माझा १४ महिने रेंगाळला होता.

प्रश्न : मी बारावी पास आहे, वय २१. एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) स्टेनोग्राफरचा फॉर्म भरणार आहे. मराठी शॉर्टहँड चालेल का? आणि आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा काढून नंतर शॉर्टहँड शिकलो तर? (जळगाव)

उत्तर : मराठी चालत नाही. तिथली कौशल्य चाचणी इंग्रजी किंवा हिंदीतच असते. वय आणि शिक्षणात तू बसतोस, बारावी पुरते. मराठी शॉर्टहँड राज्याच्या भरतीसाठी ठेव. राज्यात लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० लागते, आणि सोबत इंग्रजी ४० किंवा मराठी ३० चं टायपिंग.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. तुझा हिशेब मला समजतो. एसएससीत गुणवत्ता यादी कॉम्प्युटर परीक्षेच्या गुणांवर लागते आणि शॉर्टहँड फक्त पात्रतेपुरतं असतं, म्हणून मुलं ते शेवटी ठेवतात. पण पहिल्या परीक्षेनंतर हातात काही महिनेच असतात, आणि तेवढ्यात स्ट्रोक, हुक, अर्ध्या रेघा, दुप्पट रेघा शिकून ८० च्या वेगाला पोहोचणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. मोठे गुण मिळवून, चाचणीच्या हॉलमध्ये कोरी वही घेऊन बसलेला मुलगा मात्र पाहिला आहे. उलट कर. शॉर्टहँड आजपासून रोज दीड तास, आणि उरलेला वेळ अभ्यास.

त्या कॉम्प्युटर परीक्षेत २०० प्रश्नांपैकी १०० इंग्रजीचे असतात, बुद्धिमत्तेचे ५० आणि सामान्यज्ञानाचे ५०. मराठी माध्यमातली मुलं म्हणतात, शॉर्टहँड हिंदीतून घेतो म्हणजे इंग्रजी टळेल. ते टळत नाही. निम्मा पेपर इंग्रजीच आहे. मग मी म्हणते, शॉर्टहँडही इंग्रजीच घ्यावं. इंग्रजी डिक्टेशनसाठी रोज एक उतारा वाचशील, त्यातले अडलेले शब्द शोधशील, स्पेलिंग तपासशील, म्हणजे त्या १०० प्रश्नांची तयारी आपोआप होत राहील. हिंदी तुझी फारच पक्की असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टाइप करायला वेळही जास्त मिळतो, ग्रेड डी ला ६५ मिनिटं आणि ग्रेड सी ला ५५.

प्रश्न : ताई, मुलीला शॉर्टहँड शिकायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, मोबाइलसमोर बोललं की तो लिहितो, आता हे शिकून काय करायचं? मला उत्तर देता येत नाही. (सांगली)

उत्तर : तिच्या बाबांची शंका खरी आहे आणि तुम्ही ती उडवून लावू नका. मोबाइल मराठी बरं लिहायला लागला आहे. मी स्वतः वापरून पाहते.

पण लघुलेखक नुसतं ऐकून लिहीत नाही. साहेब बोलता बोलता म्हणतात, ‘नाही, ते वरचं काढा, आधी तो संदर्भ घ्या, आणि शेवटी त्यांना जरा समज द्या.’ यातलं पत्रात काय जायचं आणि काय नाही हे आपल्याला ठरवावं लागतं. ‘कार्यवाही’ म्हणाले की ‘कारवाई’, हे समोर कोणती फाइल आहे त्यावरून कळतं. एका शब्दात काम पुढे सरकतं, दुसऱ्यात माणसावर बडगा येतो. गोपनीय अहवाल दार लावून सांगितले जातात, आणि खोलीत दुसरं माणूस असतं ते फक्त लघुलेखक. तिथे ऐकलेलं मी अजून घरी सांगितलेलं नाही.

जागा अजून निघतात. जिल्हा न्यायालयांच्या २०२३ मधल्या भरतीत श्रेणी ३ च्या लघुलेखकांच्या ५६८ जागा होत्या. तिथे पदवी मागतात, आणि माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं तेच आहे : मुलीला पदवी पूर्ण करू द्या आणि शॉर्टहँड त्याच्या जोडीने शिकू द्या. सगळं याच एका परीक्षेवर लावू नका. जाहिरात कधी येईल हे तुमच्या-माझ्या हातात नसतं, आणि तीन-तीन वर्षं नुसती वाट बघत बसलेल्या मुली पाहिल्या की मला रात्री झोप लागत नाही.

प्रश्न : पेन्सिल की पेन? आणि पान उलटताना माझे दोन-तीन शब्द जातात. (चंद्रपूर)

उत्तर : शिकताना पेन्सिलच. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये शॉर्टहँडची ही पद्धत मांडली, तिचा पायाच जाड आणि पातळ रेघेवर आहे. तीच रेघ पातळ काढली तर प, जाड काढली तर ब. पातळ त, जाड द. बॉलपेनने हा फरक उमटत नाही. फार कडक शिसाची घेऊ नकोस, दाबावं लागतं आणि मनगट दुखतं. दोन्ही टोकं तासून ठेव, शेजारी आणखी दोन असू देत. रेघेच्या वर, रेघेवर की रेघ कापून, हेही पहिल्यापासून नेमकं ठेव. इंग्रजीत टॅप, टेप आणि टिप यांची आउटलाइन एकच आहे, स्वर न लिहिता ते ओळखू येतात ते फक्त जागेवरून.

वही वरच्या बाजूला स्पायरल असलेली घे आणि पानाच्या एकाच बाजूला लिही. अर्धं पान झालं की डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने खालचा कोपरा धरून पान हळूहळू वर सरकवायला लाग, लिहिणं चालूच ठेव. शेवटच्या ओळीला पोहोचशील तेव्हा पान जवळजवळ उलटलेलंच असेल, फक्त सोडायचं. आधी कोऱ्या वहीवर, डिक्टेशनशिवाय, नुसतं हे पन्नास वेळा कर. मग तुझ्या शब्दांचं काय होतं ते मला कळव. आणि हो, आठ दिवसांपूर्वीच्या एका पानाचा फोटोही पाठव, त्याच्याखाली तू त्याचं केलेलं वाचन लिहून.