गावाकडच्या घराची डागडुजी स्वतःच्या हातानं करायची आहे. सुरुवात कुठून करू आणि कुठं थांबू?

तुम्ही लिहिलंय की औसा तालुक्यात वडिलांचं घर आहे, पुढं दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागं दगडमातीचं जुनं माळवद, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर. एप्रिल-मे सुट्टी काढून तिथं राहणार आहात. नळ गळतात, स्लॅबला ओल येते, भिंतींना भेगा आहेत, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात आणि परसात झाडंही लावायची आहेत. वडील मागच्या खोलीत झोपतात. मिस्त्री रोज ‘उद्या येतो’ म्हणतो.

माझं घर निलंग्याकडं, तेही असंच अर्धं स्लॅब, अर्धं माळवद. बारा वर्षं झाली, बहुतेक कामं मीच करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडच्या घराचं दुखणं बहुतेक वेळा पाण्याचंच निघतं. म्हणून हत्यारं आणायच्या आधी एक दिवस वही घेऊन घराभोवती फिरा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठं मुरतं, सगळं काढून ठेवा.

काम नळापासून सुरू करा. एका सकाळी होतं आणि हात बसतो. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला १५ ते २० लिटर पाणी जातं. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात गळता नळ कुणी दुसऱ्या दिवसावर टाकत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पान्यानं नळाचं डोकं उघडा, जुना वायसर नेऊन दुकानात तस्साच मागा. वायसर टेकतो ती आतली कडा बोटानं चाचपून बघा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर तिथं खरखरीत होऊन बसलेला असतो आणि तो नवा वायसरही महिन्याभरात कापतो. थर आधी साफ करा. नळाच्या तोंडाची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की सकाळी पांढरी खपली आपोआप सुटते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आटे ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं गुंडाळा, नाहीतर फिटिंग बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येते.

कूलरचं मात्र आजच बघा. आपल्याकडं दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि कच्चं अर्थिंग, एवढं जमून आलं की झालं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही सुकते आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, कपडे धुतलेलंही चालतं. पण झिणझिण्या येतायत म्हणजे दोष आधीच आहे. परवानाधारक वायरमनकडून तो शोधून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. तोवर कूलर बंद ठेवा. बोर्डाच्या आतलं काम मी स्वतः करत नाही, तुम्हीही करू नका.

स्लॅबची ओल बहुतेक वेळा मधून येत नाही. गच्ची आणि कठडा मिळतो तो कोपरा आणि पन्हळीचं तोंड, या दोन जागा आधी बघा. भेग दिसली की वरून सिमेंटचं पाणी फिरवून काही होत नाही. छिन्नीनं ती बोटभर रुंद आणि तेवढीच खोल उघडा, धूळ ब्रशनं झाडा, मग पॉलिमर घातलेला मसाला दाबून भरा. हे काम संध्याकाळी पाचनंतर करा. भर उन्हात भरलेल्या मसाल्यातलं पाणी तासाभरात उडतं आणि त्याला केसासारख्या नव्या भेगा पडतात. त्यावर ओलं पोतं टाकून चार दिवस भिजवा. वॉटरप्रूफिंगचा हात मात्र गच्ची पूर्ण सुकल्यावरच द्यायचा. पहिल्या पावसात पन्हळीला बोळा लावून एक-दोन इंच पाणी दिवसभर साचू द्या आणि खालून बघा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी या तपासणीवर घालवू नका.

आता भेगा. पहिल्या वर्षी मी घरातल्या सगळ्या भेगा पुट्टीनं बुजवल्या आणि रंग दिला. दिवाळीपर्यंत निम्म्या भेगा त्याच जागी परत उघडल्या. कारण भिंतीत नव्हतं, खाली होतं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. मे महिन्यात रानात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती पायाखालीही आहे. घराच्या कडेची माती भिजते-सुकते, मधली तेवढी हलत नाही, आणि या ओढाताणीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून भरायची घाई नको. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. भेग रेघेच्या पुढं गेली किंवा पाच मिलिमीटरहून रुंद झाली, तर ते काम इंजिनिअरचं.

दरम्यान खरा इलाज बाहेरून करा. भिंतीलगत चारी बाजूंनी तीन फूट रुंद फरसबंदी करायची आणि तिला बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्यायचा. उतार डोळ्यांनी ठरवू नका, पाणसळ वापरा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरली की झालं, शंभर रुपयांचंही काम नाही. मला विचाराल तर दोन महिन्यांत एवढं एकच काम झालं तरी सुट्टी सत्कारणी लागली.

परसबागेचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारलाय, पण तो याच मातीचा आहे. न्हाणीघराचं पाणी भिंतीलगत केळीला किंवा कर्दळीला सोडायची आपल्याकडं रीतच आहे. तीच एक बाजू कायम ओली राहते आणि पाया तिकडून उचलला जातो. ते पाणी पाइपानं दहा-बारा फूट लांब न्या. कडुनिंबासारखं मोठं होणारं झाड भिंतीपासून पंचवीस-तीस फुटांवर लावा. मेमध्ये रोपं जगवायला कुंभाराकडची भाजलेली पण न रंगवलेली मडकी आणा, गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. माती कोरडी होईल तसं मडकं पाझरतं आणि मुळांना लागेल तेवढंच पाणी जातं. माझी वांगी आणि कढीपत्ता याच्यावरच उन्हाळा काढतात. खोदकामाला कुदळ लागेल तेव्हा आधी मातीत पाणी सोडून एक रात्र थांबा, कोरड्या काळ्या मातीवर कुदळ उसळते.

आणि माळवद. इथं मी हात आखडता घेतो, तुम्हीही घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली, त्यामुळं वडिलांना वेगळं सांगायला नको. त्या पहाटे हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी स्वतःच्याच घराच्या दगडामातीखाली. या जाड भिंती म्हणजे खरं तर दगडांच्या दोन पातळ भिंती असतात, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं त्या एकमेकींपासून सुटतात. वर माळवदाचं ओझं. गळतं म्हणून आजोबा-पणजोबांनी दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकला, जुना कुणी उतरवला नाही. एक फूट जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास अर्धा टन. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांहून जास्त माती होते. म्हणजे गळती थांबवणारी डागडुजीच घर जड करत गेली. तुम्ही यंदा वर आणखी माती टाकू नका.

सिमेंटचा गिलावाही नको. मी आतून केला होता. भिंतीतली ओल बाहेर पडेना, दोन पावसाळ्यांत गिलावा मातीचा थर घेऊनच खाली आला. आता चुन्याचा करतो.

तुम्ही करायचं ते एवढंच. भिंतीच्या वरच्या टोकाला ओळंबा (दोराला बांधलेलं वजन) धरा आणि दोर भिंतीपासून कुठं किती लांब राहतो ते बाहेरून-आतून मोजा. मध्येच दोर भिंतीला टेकत असेल, तर तिथं दगड पोट काढून बाहेर आलेत. तुळयांना खालून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. भुसा पडला किंवा टोक सहज आत गेलं, तर वर चढू नका. ही मापं आणि फोटो घेऊन लातूरला एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला भेटा. माती उतरवायचीच ठरली तर कोणत्या बाजूनं, किती आणि खाली टेकू कुठं द्यायचे, हे त्यानंच सांगू द्या.

वडिलांची खाट मात्र त्या उत्तरासाठी थांबवू नका, आज रात्रीच पुढच्या खोलीत आणा.