डेस्कटॉप सपोर्टनंतर कोणती परीक्षा द्यावी?

प्रश्न : बीसीए झाल्यानंतर मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत डेस्कटॉप इंजिनिअर म्हणून साडेतीन वर्षे काम करत आहे. विंडोज टाकणे, प्रिंटर, आउटलुक, मशीन डोमेनला (कंपनीच्या सामाईक खाते-व्यवस्थेला) जोडणे ही कामे मी स्वतः करतो. खात्यांच्या अडचणी, पॉलिसी (कंपनीने यंत्रांवर लावलेले नियम) न लागणे, नव्या लॅपटॉपची इंट्यूनमध्ये, म्हणजे यंत्रे दुरून सांभाळण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, नोंदणी हे कॉल मात्र मला पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडे पाठवावे लागतात. नेटवर्क बाहेरच्या व्हेंडरकडे असून स्विचला हात लावण्याची मला परवानगी नाही. एक क्लास ए प्लस (संगणक दुरुस्ती व सपोर्ट), सीसीएनए (सिस्कोचे नेटवर्क प्रमाणपत्र) आणि अ‍ॅझ्युर (मायक्रोसॉफ्टचे क्लाउड) असे तिन्ही अभ्यासक्रम एकाच फीमध्ये देऊ करत आहे. मी आधी कोणते प्रमाणपत्र घ्यावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या पत्रातच आले आहे. प्रमाणपत्र निवडताना बहुतेक जण नोकरीच्या जाहिरातींपासून सुरुवात करतात. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांत आपण वर पाठवलेल्या कॉलची यादी काढावी, असे मी सुचवेन. जे कॉल आपल्याला सर्वाधिक वेळा सोडून द्यावे लागतात आणि ज्यांच्या जवळ जाण्याची संधी रोजच्या कामात आहे, त्यांचाच विषय पुढच्या परीक्षेसाठी घ्यावा. आपल्या बाबतीत तो खाती, पॉलिसी आणि यंत्रांचे व्यवस्थापन हा आहे. म्हणून मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२, म्हणजेच एंडपॉइंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा आपण आधी द्यावी.

ए प्लसचा विचार आपण सोडून द्यावा. त्या प्रमाणपत्रासाठी दोन स्वतंत्र परीक्षा आणि दोनदा फी द्यावी लागते, त्याची मुदत ३ वर्षांची असते आणि त्यातील बहुतांश भाग म्हणजे आपण साडेतीन वर्षे करत असलेले कामच आहे. अनुभवाच्या दाखल्याने जे सिद्ध होते, ते पुन्हा पैसे भरून सिद्ध करण्याची गरज नाही.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुनी मशीन बदलणे, विंडोज ११ बसवणे आणि नवे लॅपटॉप ऑटोपायलटने (चालू करताच आपोआप मांडणी करणाऱ्या सोयीने) थेट वापरणाऱ्याच्या हाती देणे हे काम आता लहान-मोठ्या सर्व आस्थापनांत आहे. एमडी-१०२चा अभ्यासक्रम नेमका याच कामाभोवती आखलेला आहे : विंडोजची उभारणी, एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-सेवेतील ओळख, इंट्यूनमधील कम्प्लायन्स पॉलिसी (यंत्र नियमांत बसते का हे पाहणारी), अपडेट, बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) आणि अ‍ॅप्लिकेशन पोहोचवणे. उत्तीर्ण होण्यासाठी १०००पैकी ७०० गुण लागतात. परीक्षा सुरू असताना मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावरील माहिती उघडून पाहण्याची मुभा असते, परंतु त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. त्यामुळे काय कोठे आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक असते, त्यालाच तिचा उपयोग होतो. प्रमाणपत्राची मुदत एकच वर्षाची असते, हे ऐकून पुष्कळ जण बिचकतात. प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वीच्या ६ महिन्यांत घरबसल्या एक लहान ऑनलाइन चाचणी दिली की ते वर्षभरासाठी वाढते आणि त्याला फी नाही.

अभ्यासाला सुरुवात करण्यापूर्वी पुण्याच्या कार्यालयाला एक विनंती करून पाहावी. इंट्यूनमध्ये ‘रीड ओन्ली ऑपरेटर’ आणि ‘हेल्प डेस्क ऑपरेटर’ अशा तयार भूमिका, म्हणजे ठरावीक अधिकारांचे संच, आहेत. पहिली भूमिका मिळाली तरी आपण पाठवलेला कॉल तेथे कसा सोडवला गेला, कोणती पॉलिसी कोणत्या गटाला लावलेली होती, हे आपल्याला स्वतः पाहता येईल. बदल करण्याचा अधिकार मागितला तर नकार मिळण्याची शक्यता अधिक. केवळ पाहण्याचा अधिकार द्यायला सहसा कोणाची हरकत नसते. तोही न मिळाल्यास इंट्यूनची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती घ्यावी आणि विंडोज प्रोमधील हायपर-व्ही या सोयीवर एक-दोन आभासी मशीन (संगणकातच चालणारे संगणक) उभी करावीत. मात्र चाचणी आवृत्ती पहिल्याच दिवशी सुरू करू नये. आधी वाचन पूर्ण करून मगच ती सुरू करावी, अन्यथा ते ३० दिवस पडदे ओळखण्यातच जातात.

सीसीएनए हे अधिक वजनदार प्रमाणपत्र आहे, हे मी नाकारत नाही. तथापि ३०० डॉलर फी असलेली, राउटिंग आणि स्विचिंगची खोलवर तपासणी करणारी ही १२० मिनिटांची परीक्षा ज्याला स्विचच्या जवळ जाता येत नाही त्याने आज द्यावी, असे मला वाटत नाही. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या नेटवर्क-सरावाच्या सॉफ्टवेअरवर विनामूल्य सराव होतो, आणि तेवढा आपण जरूर करावा. नेट बंद असल्याचा कॉल आल्यावर मशीनला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर त्या मशीनपर्यंत डीएचसीपीचे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेचे, उत्तर पोहोचलेले नाही हे उघड आहे. तेव्हा शेजारच्या मशीनला पत्ता मिळतो का हे पाहून केबल, पोर्ट की व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) याबद्दलची आपली शंका व्हेंडरला नेमकी सांगता आली, तर पुढे त्या कामात शिरणे सोपे जाईल. थोडक्यात, आयपी (यंत्राचा नेटवर्कवरील पत्ता), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), डीएचसीपी आणि व्हीलॅन यांचा अभ्यास आताच करावा, नेटवर्कच्या परीक्षेची फी मात्र नंतर भरावी.

क्लासच्या एकत्रित फीबाबत माझे मत प्रतिकूल आहे. तीन विषय एका दमात शिकवणारे वर्ग पुष्कळदा ‘डम्प’, म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्न, पाठ करून घेतात. तो परीक्षेच्या करारनाम्याचा भंग आहे आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. क्लास लावायचाच असल्यास कोणत्या क्रमांकाच्या परीक्षेसाठी शिकवता, हे आधी विचारावे. एमडी-१०२च्या आधीच्या एमडी-१०० आणि एमडी-१०१ या परीक्षा २०२३मध्येच बंद झाल्या आहेत.

परीक्षा घरून देण्याची सोय आहे, परंतु कॅमेरा आणि इंटरनेट अखंड चालू राहावे लागते. आपल्याकडील मे महिन्यातील विजेचा भरवसा लक्षात घेता केंद्रावर जाऊन, अथवा हिवाळ्यात परीक्षा द्यावी. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. वडिलांचे नाव एकीकडे असणे आणि दुसरीकडे नसणे यावरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : मी आयटीआयचा कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग साहाय्यक) ट्रेड केला असून एमएस-सीआयटीही झाली आहे. धुळ्यात संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करते. मला कंपनीत सपोर्टची नोकरी हवी आहे. ए प्लस घ्यावे का? इंग्रजी कच्चे आहे.
— एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : वरील वाचकाला मी ए प्लस नको म्हटले, तरी आपल्याला त्याचा उपयोग आहे, कारण कंपनीतील अनुभवाचा कागद आपल्याजवळ अद्याप नाही. ए प्लस परीक्षांची २०२५पासूनची मालिका २२०-१२०१ आणि २२०-१२०२ अशी आहे. दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते, आणि प्रत्येकीत ९० मिनिटांत कमाल ९० प्रश्न असतात. विषयसूची ए प्लस देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती छापून घेऊन दुकानात प्रत्यक्ष केलेल्या कामांवर खुणा कराव्यात. हार्डवेअरच्या भागात बऱ्याच खुणा होतील. सुरक्षा, नेटवर्क आणि कामाच्या पद्धती हे भाग बहुधा कोरे राहतील, आणि तेथूनच अभ्यास सुरू करावा. इंग्रजीसाठी वेगळा क्लास लावण्याची घाई करू नये. दररोज दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राची तक्रार, कारण आणि उपाय इंग्रजीत तीन ओळींत लिहावेत. मुलाखतीत बहुधा हेच विचारतात आणि नोकरीत कॉल बंद करताना हेच लिहावे लागते. फी दुकानाच्या उत्पन्नातून भरणे जड जात असेल, तर अभ्यास पूर्ण करून आधी नोकरीचे अर्ज करावेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१६मध्ये मिळवलेले एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र आहे. ते अर्जात लिहावे की काढून टाकावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : लिहावे, परंतु वर्ष आणि सर्व्हरची आवृत्ती यांसह. एमसीएसएच्या उरलेल्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाल्या; आपले प्रमाणपत्र त्यामुळे खोटे ठरत नाही, मात्र केवळ त्याच्या आधारावर आज नवी नोकरी मिळणे कठीण आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी (खाती व नियम सांभाळण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्था) यांचे त्या वेळचे ज्ञान अजूनही उपयोगी पडते, म्हणून आपणही एमडी-१०२चाच विचार करावा. आपला ओढा सर्व्हरकडे असल्यास विंडोज सर्व्हरवरील एझेड-८०० आणि एझेड-८०१ या परीक्षांची विषयसूची पाहावी.