वरच्या दाढेच्या जागी इम्प्लांट: आधी हाड भरणे आवश्यक आहे का?

आपली वरची पहिली दाढ 6 वर्षांपूर्वी काढली, तेथे आता 4 मिलिमीटरच हाड उरले आहे आणि डॉक्टरांनी इम्प्लांट (हाडात बसवायचे दाताचे कृत्रिम मूळ) बसवण्याआधी सायनस लिफ्ट, म्हणजे दाढेवरच्या सायनसचा पडदा उचलून त्याखाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया, करून 6 महिने थांबायला सांगितले आहे. हे टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. मी दंतवैद्य नाही, परंतु हीच शस्त्रक्रिया मी स्वतः करून घेतली आहे.

दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि ही झीज पहिल्या वर्षातच सर्वाधिक होते. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते व दाढ गेल्यावर तीही खाली उतरत जाते, त्यामुळे हाड दोन्ही बाजूंनी कमी होते. एरवी वापरला जाणारा 8 ते 10 मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट उरलेल्या 4 मिलिमीटरमध्ये मावत नाही. काही ठिकाणी आखूड इम्प्लांटचा विचार होतो, म्हणून तो आपल्याला चालेल का, हे जरूर विचारावे; ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, हाही पर्याय आहे, पण त्यासाठी शेजारचे दात, ते निरोगी असले तरी, घासावे लागतात.

‘हाड भरणे’ हा शब्दच थोडा फसवा आहे. सायनसचा पातळ पडदा अलगद वर उचलून त्याखाली जी पावडर भरतात, ती वेलीसाठी घातलेल्या मांडवासारखी असते. वेल आपल्याच शरीराने वाढवायची असते. त्या कणांमध्ये रक्तवाहिन्या शिरून नवे हाड तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते 6 महिने वाया जात नाहीत, तो उपचाराचाच भाग आहे. मला सूज आणि गालावरचा निळसर डाग यांच्यापेक्षा ही प्रतीक्षाच अधिक जड गेली.

पावडर कशाची आहे, हे मात्र आधीच विचारावे. ती बहुधा गाईबैलांच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून टाकून उरलेल्या खनिजाची असते, आणि ती फार सावकाश विरघळत असल्यामुळे भरलेला आकार टिकून राहतो. पावडरीवर झाकायचा कोलॅजन या प्रथिनाचा पडदाही अनेकदा डुकराचा किंवा गाईबैलांचा असतो. आपल्याकडे अनेक घरांत हे मान्य होणार नाही, आणि नंतर कळले तर मनस्ताप होतो. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पावडर मिळते. रुग्णाच्याच जबड्यातून हाड घेता येते, परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते.

मधुमेह असल्यास तो आटोक्यात हवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली असतील, तर ते लपवू नये. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी काही चालू असेल, तर ते बंद केल्याशिवाय या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाक शिंकरू नये, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे.

सायनसचा पडदा फाटणे ही या शस्त्रक्रियेतील नेहमीची अडचण आहे. लहान छिद्र कोलॅजनच्या तुकड्याने झाकून काम पुढे नेता येते, परंतु मोठे असेल तर टाके घालून काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा लागतो. तसे झाल्यास दुसऱ्या वेळचा खर्च कोण करणार, हे आधीच बोलून घ्यावे.