पंप लिहून दिला, पण ओढायला शिकवला का?

प्रश्न: मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पुस्तकात वेगळे दिसतात, ओपीडीत मात्र सगळेच धापा टाकत येतात, आणि पंप (इनहेलर) देऊनही महिन्याने पेशंट तसाच. चुकतं कुठे?

उत्तर: आधी सांग, तू स्वतः कधी डमी पंप ओढून बघितलायस? आमच्याकडे एक आजी यायच्या, तीन महिने औषध चालू, फरक शून्य, शेवटी म्हटलं घेऊन दाखवा, तर त्यांनी पंपात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली की हो! सांगितलंच नव्हतं कुणी. म्हणून दर व्हिजिटला पेशंटला करून दाखवायला लावायचं. स्प्रेचा पंप हळू आणि खोल ओढायचा, पावडरवाला जोरात, मग साधारण १० सेकंद श्वास धरायचा, स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर, दमा ठेवायचा नाही, २०१९ पासून गिनाच्या (दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या) गाईडलाइनमध्येही तेच आहे.

आता फरक ओळखायचा कसा, तर दमा येतो-जातो, रात्री-पहाटे वाढतो, सीओपीडीत दम लागणं हळूहळू वाढतच जातं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत, श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप दिल्यानंतरही एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेली हवा) भागिले एफव्हीसी (एकूण बाहेर सोडलेली हवा) ०.७ च्या खाली राहिलं तर सीओपीडीचा विचार कर. आणि बाई विडी ओढत नाही म्हणून सोडून देऊ नकोस, चुलीपुढे किती वर्षं काढली ते विचार. हे विचारायचं राहूनच जातं, माझंही राहिलंय.