काटकसर करावी, पण डाळीत नको

प्रश्न : आम्ही इचलकरंजीत राहतो. माझे पती यंत्रमागावर काम करतात आणि पगार आठवड्याला होतो. सासूबाई, सहावीत शिकणारा मुलगा, 5 वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे अशी घरात 5 माणसे आहोत. किराणा, भाजी, दूध आणि क्वचित अंडी मिळून महिन्याला 8 हजारांच्या वर जाता येत नाही. रेशनचे धान्य मिळते, ज्वारी विकत घेतो. तेल महिन्याला 5 लिटर लागते, तूरडाळ मात्र 2 किलोच आणते, त्यामुळे आमटी दिवसेंदिवस पातळ होत चालली आहे. मुलांना रोज 10-10 रुपयांचे खाऊचे पुडे द्यावे लागतात. दोन्ही वेळचा स्वयंपाक मी घरीच करते आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाते. अलीकडे फार दमायला होते. एवढ्याच पैशांत घराचे पोषण नीट होईल, असे काही सुचवाल का?

उत्तर : पत्राच्या शेवटी तुम्ही जे ओघात लिहिले आहे, तिथूनच सुरुवात करते. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्या तिथेच मोफत मिळतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा तुमचे दमणे अंगावर काढण्यासारखे नाही. दुसरे असे की, उद्यापासून वाढताना पाचही ताटांतली आमटी-उसळ एकदमच वाटून काढा आणि तुमची वाटी झाकून ठेवा. भाकरी मागाहून आणखी थापता येते. उसळ मात्र एकदा संपली की संपली, आणि ती नेहमी तुमच्याच वाट्याची संपते.

आता हिशेब पाहू. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी मापातच बोलते. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात 60 ते 80 ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य जायला हवे. लहान मुलांचे थोडे कमी धरले तरी तुमच्या घराला महिन्याला 8 किलोच्या आसपास लागेल आणि तुम्ही आणता 2 किलो. तुमच्या घरखर्चातली खरी तूट ही आहे. उलट तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरते, म्हणजे 3 लिटरांत, फार तर साडेतीनात तुमचे घर व्यवस्थित चालेल. फोडणीला पिशवी तिरपी करून तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घाला आणि आठवड्याचे तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा. ती बरणी रविवारपर्यंत पुरवायची, एवढाच नियम पुरे आहे. दोघा मुलांच्या खाऊचे महिन्याला 600 रुपये होतात, आणि त्या पुड्यांत मूठभर बटाटा-मैदा, तेल आणि मीठ यांपलीकडे फारसे काही नसते. तेलाचे आणि खाऊचे वाचलेले पैसे एकत्र केले, तर डाळी-कडधान्यांची बरीचशी तूट भरून निघते आणि वर शेंगदाणे-गूळही येतो. खाऊ बंद करा, असे मी म्हणत नाही. तो पदार्थ बदला. भाजलेले दाणे आणि गूळ कुटून केलेले लाडू, फुटाणे, चुरमुऱ्यांचा चिवडा एकदा डब्यात भरून ठेवला की दुकानाकडे वळणारे पाय हळूहळू थांबतात. सुरुवातीचे काही दिवस मुले रुसतील, तेवढे सोसावे लागेल.

कडधान्यांत सगळा भार तुरीवर टाकू नका, कारण तूरच बहुधा सर्वांत आधी महाग होते. मसूर, मटकी, हिरवे मूग, हरभरा, चवळी यांची आलटून पालटून आमटी किंवा उसळ करा. हुलग्यांचा, म्हणजे कुळथाचा, मात्र मुद्दाम आग्रह धरते. तुमच्या भागात ते सहज मिळतात, प्रथिने तुरीच्या तोडीची असतात आणि लोहही चांगले असते. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून दळून आणा. वाटीभर पीठ पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून उकळत्या पाण्यात सोडा, गूळ आणि सुंठ घाला आणि सतत ढवळत दाटसर होऊ द्या, की माडगे तयार होते. सासूबाईंना ते नक्की ठाऊक असेल, त्यांच्याच हातचे होऊ द्या. त्याच पिठाचे लसूण-मिरचीच्या फोडणीचे पिठले भाकरीबरोबर उत्तम लागते आणि ज्या दिवशी भाजी आणणे जमत नाही, त्या दिवशी ते पूर्ण जेवण ठरते. ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी असते ते कडधान्यांत भरपूर असते, त्यामुळे भाकरी-उसळ किंवा भाकरी-पिठले ही जोडी वरवर साधी दिसली तरी पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहे. सोबत लिंबाची फोड असली तर जेवणातले लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. अंडी तुमच्याकडे चालतात, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा अंड्यांची आमटी करा आणि त्यात आपलेही अंडे धरा.

पगार आठवड्याचा असल्यामुळे पाव किलो, अर्धा किलो अशी खरेदी होत राहते आणि तशी ती नेहमीच महाग पडते. त्यावर उपाय असा, की दर आठवड्याला एकच कोरडी वस्तू महिनाभराची घ्यायची: एका आठवड्यात डाळ, दुसऱ्यात ज्वारी, तिसऱ्यात कडधान्ये, चौथ्यात तेल-गूळ. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून घाऊक दुकानातून डाळीचा कट्टा उचलला आणि वाटून घेतला, तर आणखी फरक पडतो. तुरीचे नवे पीक बाजारात आले की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जमेल तेवढी डाळ भरून ठेवावी. कडक ऊन दाखवून कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला की ती पावसाळ्यातही टिकते.

रेशनबाबत एक गोष्ट तपासून पाहा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. धाकट्या मुलीचे नाव कार्डावर चढलेले नसेल तर लगेच अर्ज द्या. अनेक घरांत हे राहून जाते. ती अंगणवाडीत जात असेल तर तिथला गरम आहार तिने घ्यावा. मुलाची शाळा सरकारी वा अनुदानित असेल तर पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारे दुपारचे जेवण त्यानेही जेवावे. ते त्यांच्या हक्काचे आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रश्न : कडधान्ये वाढवली की मुलांचे पोट फुगते आणि गॅसही जास्त जळतो. मग बचत कशी होणार? (सोलापूर)

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या भिजवणीत असते. आख्खे कडधान्य रात्रभर भरपूर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी फेकून द्यावे, कारण पोटात वायू धरणारा अंश बराचसा त्या पाण्यात उतरलेला असतो. मटकी, मूग यांना मोड आणले तर ते पचायला आणखी हलके होतात आणि शिजतातही लवकर. सुरुवात मूग-मटकीने आणि अर्ध्या वाटीने करा. हरभरा, चवळी नंतर घ्या. फोडणीत हिंग, लसूण, ओवा असू द्या. लहान मुलांना आणि वृद्धांना कच्चे मोड देऊ नका, नीट शिजवूनच द्या.

कुकरची पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा. आत दाब धरलेला असतो, मोठ्या आचेने डाळ काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ निघून जाते. आच बंद केल्यावरही झाकण आपोआप सुटेपर्यंत थांबा, तेवढ्या वेळात राहिलेले शिजणे होते. डाळ, भात आणि सकाळच्या भाजीचे बटाटे एकाच वेळी डब्यांतून लावावेत. चिंच, टोमॅटो, आमसूल कडधान्य मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटाने दाणा निबर राहतो. लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालू नका. त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. जुने, निबर झालेले कडधान्य कितीही भिजवले तरी गॅस खातेच, म्हणून दुकानात घेताना यंदाचा माल आहे ना, हे विचारून घ्या आणि एकदम खूप घेण्याआधी अर्धा किलो शिजवून पाहा.