पुढचं पत्र मुलीला लिहू द्या

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुण बरे आहेत. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आता संपलं असं सगळे सांगतात, म्हणून आम्ही तिला हडूप, स्पार्क, कॅसँड्रा आणि मोंगोडीबी या बिग डेटाच्या, म्हणजे प्रचंड माहिती हाताळायच्या साधनांचा एकत्र कोर्स लावला. तिचं त्यात लक्ष नाही. कॉलेजच्या वाचनालय प्रकल्पाची टेबलं पुन्हा पुन्हा मांडत रात्र घालवते. तिने बिग डेटातच करिअर करायचं असं आम्ही ठरवलंय. तिला कसं समजवावं? पदव्युत्तर प्रवेश परीक्षाही द्यायला लावावी का?
– एक पालक

उत्तर : कोर्स आम्ही लावला, करिअर आम्ही ठरवलं, आता समजवायचंही आम्हीच. तुमच्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. मला तिच्या गुणांपेक्षा याची काळजी वाटते. विशीतली मुलगी घरी काही बोलेनाशी झाली की पालकांना ते 'लक्ष नसणं' वाटतं. बहुतेक वेळा तिने नाद सोडलेला असतो, एवढंच.

आता तुमच्या तक्रारीकडे वळतो. रात्ररात्र टेबलं मांडते, म्हणजे कोणती माहिती कुठे ठेवायची आणि ती पुढे कोण, कशी मागणार, याचा विचार करते. अहो, तुम्ही ज्या क्षेत्रात तिला ढकलताय, त्याचा गाभा हाच आहे!

एसक्यूएल संपलं, हे तुम्हाला सांगितलं कोणी? हडूपवर मॅपरिड्यूसचे, म्हणजे काम अनेक मशिनांवर वाटून मग उत्तरं एकत्र करण्याच्या पद्धतीचे, प्रोग्राम लिहिणं जिकिरीचं होतं, म्हणून फेसबुकमधल्या मंडळींनी त्यावर हाइव्ह उभारलं, ते लोकांना एसक्यूएलसारख्या भाषेत प्रश्न विचारता यावेत यासाठीच. स्पार्कमध्ये पुढे स्पार्क एसक्यूएल आलं. कॅसँड्राची सीक्यूएल दिसायला एसक्यूएलची बहीणच, फक्त तिच्यात जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडून उत्तर काढणं, नाही. आणि व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन (बदल झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही) ही तर जुन्या डेटाबेसची मिरास. तीही मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंट्ससाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक नोंदींसाठी, आणली. ज्याला रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा डेटाबेस नीट येत नाही, त्याला नोएसक्यूएलमध्ये, म्हणजे कॅसँड्रा-मोंगोडीबीसारख्या वेगळ्या धाटणीच्या डेटाबेसमध्ये, आपण नेमकं काय सोडतोय आणि कशाच्या बदल्यात, हेच कळत नाही. असे उमेदवार मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात.

दुसरं म्हणजे, ही चार नावं एका दमात घेण्याची नाहीत. हडूप आणि स्पार्क अनेक मशिनांवर काम वाटून हिशेब करतात. कॅसँड्रा आणि मोंगोडीबी माहिती साठवतात आणि मागितली की झटकन देतात. दोन्ही एकत्र का लागतात, ते मुलीला करून बघू द्या. कॅसँड्रात ऑर्डरींचं टेबल करायचं, ग्राहक क्रमांक पार्टिशन की, म्हणजे नोंद कोणत्या मशिनवर जाईल ते ठरवणारा रकाना, ठेवायचा. 'या ग्राहकाच्या ऑर्डरी दाखव' म्हटलं की त्या कीच्या हॅशवरून, म्हणजे तिच्यापासून गणिताने काढलेल्या आकड्यावरून, कोणत्या नोडला (मशिनला) विचारायचं ते ठरतं, उत्तर लगेच येतं. मग विचारायचं, 'गेल्या महिन्यात सर्वांत जास्त काय खपलं?' इथे गाडी अडते, कारण ती माहिती सगळ्या नोडवर विखुरलेली असते. त्यासाठी स्पार्क. तो कॅसँड्राच्या टोकन रेंजप्रमाणे, म्हणजे त्या हॅशच्या आकड्यांच्या पट्ट्यांप्रमाणे, काम वाटतो, प्रत्येक वर्कर आपल्या वाट्याची मोजणी करतो, मग शफल होऊन, म्हणजे एकाच वस्तूचे आकडे एका जागी येऊन, बेरीज होते. आलेलं उत्तर पुन्हा कॅसँड्रात, वेगळ्या टेबलात लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी ते तयार मिळतं. मात्र चालू साइटच्याच नोडवर असं अख्खं टेबल वाचायला लावलं, तर ग्राहक ताटकळतात. म्हणून जाणती मंडळी विश्लेषणासाठी माहितीच्या प्रतींचं वेगळं डेटासेंटर, म्हणजे नोडांचा वेगळा गट, ठेवतात. हे सगळं तिच्या लॅपटॉपवर छोट्या प्रमाणात उभं करता येतं. वाचनालयाचाच प्रकल्प घेतला तरी चालेल, पुस्तकांच्या देवघेवीला हेच दोन प्रश्न लागू पडतात.

कोर्स चालू ठेवायचा की सोडायचा, ते तिला ठरवू द्या. साधनांची नावं बदलत राहतात. गूगलने २००४ मध्ये मॅपरिड्यूसचा शोधनिबंध काढला, आणि दहा वर्षांत नव्या कामासाठी लोक स्पार्ककडे वळू लागले होते. माहितीची विभागणी, तिच्या प्रती आणि एखादा नोड पडला तर काय, हे प्रश्न मात्र तेव्हा होते तेच आजही आहेत. यावर वेळ घातला तर वाया जात नाही.

प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर संशोधनाची ओढ असेल तर द्यावी, आणि तीही तिला असेल तर.

मुलीला एकच विचारा, 'त्या टेबलांत तुला एवढं काय आवडतं?' आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. तिला डेटाबेस नकोच असतील, चित्रं काढायची असतील, तर तेही ऐकून घ्या. मला पुढचं पत्र तिने लिहावं, आणि ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नये.